पात्यावर नाव कुणाचं?

चाकू जमवणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोन समज ठरलेले असतात. एक म्हणजे तो आतून थोडा खुनशी असणार. दुसरा म्हणजे त्याच्याकडे पैसे जास्त झाले असणार. मी गेली ४ वर्षं पाती जमवतोय. स्वभावाचं विचाराल तर टीममधलं कुणीही सांगेल की मी कोड रिव्ह्यूमध्येसुद्धा मवाळ असतो. आणि पैशांचं म्हणाल तर संग्रह ११ पात्यांवर येऊन थांबलाय.

त्यातली ३ फिनलंडची, १ नॉर्वेचं. बाकीची ७ इथली आहेत: दोन कोयते, एक कोयती, एक विळी आणि तीन अडकित्ते. सगळी मांडव्याच्या घरी एका फळीवर असतात. एका ओळीत मांडली की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. चारही परदेशी पाती कुणी घडवली हे मला माहीत आहे. नाव पात्यावर ठोकलेलं आहे, नाहीतर म्यानासोबत आलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. इथल्या सातांपैकी फक्त एकाचा कर्ता मला ठाऊक आहे, तोही कोयता माझ्यासमोर घडला म्हणून. सहा हजार किलोमीटरवरचा लोहार मला नावानिशी ओळखीचा आणि याच जिल्ह्यातला अनोळखी, असा हा उलटा हिशोब आहे.

जुनी हत्यारं जमवणं हल्ली बऱ्यापैकी फॅशनमध्ये आहे. इन्स्टाग्रामवर पुक्कोचे रील येतात. आमच्या बाजूला आवास, सासवणे, किहीमच्या नव्या बंगल्यांत भिंतीवर जुना विळा आणि कोपऱ्यात जातं दिसतं. यात वाईट काही नाही. पण संग्रह हीसुद्धा एक संहिता असते. काय निवडलं, कशाशेजारी ठेवलं, खाली काय लिहिलं, यातून ती काहीतरी सांगत असते. कादंबरीची समीक्षा होते तशी संग्रहाचीही व्हायला हवी. इथे तोच प्रयत्न करतोय.

उत्तरेची पाती

आधी परदेशी मंडळी. फिनलंडमधल्या पारंपरिक चाकूला पुक्को म्हणतात. ‘पू’ म्हणजे लाकूड, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. पातं साधारण तळहाताच्या रुंदीएवढं. मूठ बऱ्याचदा बर्चच्या लाकडाची. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोटांना अडवणारी आडवी पट्टी नसते, कारण हा चाकू मुळात भोसकण्यासाठी नाही. लाकूड तासायचं, मासा साफ करायचा, दोरी कापायची, झालं.

मला सगळ्यात जास्त आवडते ती त्याची धार. पात्याच्या अंगावर एकच रुंद सपाट उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत येतो. त्यामुळे धार लावताना कोन शोधत बसावं लागत नाही. तो उतार दगडावर टेकवायचा आणि पातं सरकवायचं. कोन पात्यातच ठरवून दिलेला आहे. ज्याने हे पहिल्यांदा घडवलं त्याने वापरणाऱ्याचा विचार केला होता. आमच्या धंद्यात याला आम्ही चांगला इंटरफेस म्हणू.

सामी लोकांचा चाकू वेगळा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प हा सामींचा मुलूख. त्यांच्या मोठ्या चाकूला उत्तर सामी भाषेत अर्थच ‘मोठा चाकू’ होईल असं नाव आहे. फिनिश लोक त्याला लेउकु म्हणतात. फांद्या तोडायच्या, सरपण फोडायचं, रेनडियरची हाडं फोडायची ही त्याची कामं. सोबत एक छोटा चाकू असतो, त्याने रेनडियरच्या कानावर मालकाची खूण कापतात. मूठ आणि म्यान रेनडियरच्या शिंगाचं, त्यावर कोरीव नक्षी. दक्षिणेकडच्या सामींची नक्षी भौमितिक, उत्तरेकडची वेगळी. जाणकाराला म्यान पाहून मुलूख ओळखता येतो.

यातली गंमत अशी की पातं अनेकदा सामी माणसाने घडवलेलं नसतं. ते बाहेरच्या लोहाराकडून येतं. मूठ आणि म्यान सामी कारागीर करतो. आपल्याकडे फिरंग तलवारीचं असंच होतं: पातं युरोपातलं, मूठ इथली. तेव्हा ‘अस्सल’ म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हातचं, ही व्याख्या तिकडेही टिकत नाही आणि इकडेही नाही.

पण एक मोठा फरक आहे. ईसाक्की यार्वेनपा यांनी फिनलंडमधल्या कौहावा गावात १८७९ मध्ये सुरू केलेला कारखाना पात्यावर नाव आणि गाव दोन्ही ठोकतो. स्वीडनच्या बाजूचे सामी कलाकार लार्स पिराक (१९३२–२००८) यांचं नाव त्यांच्या कामाबरोबर जगभर गेलं. सामी हस्तकलेला ‘दुओद्जी’ म्हणतात, आणि १९८२ पासून तिचं स्वतःचं प्रमाणचिन्ह आहे. ते फक्त सामी कारागिराच्या कामावर लागतं. योक्कमोक्कच्या हिवाळी बाजाराची परंपरा १६०५ पासूनची. तिथे घेणारा कारागिरासमोर उभा राहून घेऊ शकतो.

म्हणून तिकडे सगळं आदर्श आहे असं समजायचं कारण नाही. सामींच्या वस्तू वर्षानुवर्षं राजधान्यांमधल्या संग्रहालयांत पडून होत्या. कुणाच्या घरातल्या, कुणी केलेल्या, याच्याशी राजधानीला फारसं देणंघेणं नव्हतं. २०२१ मध्ये फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने सुमारे २,२०० वस्तू इनारीच्या सीदा या सामी संग्रहालयाला परत केल्या. त्यामागे कित्येक वर्षांची मागणी होती. नाव सांगणं आणि नाव परत मिळवणं हे तिकडेही भांडून झालंय. चांगुलपणातून उगवलेलं नाही.

अज्ञातवासीचा संग्रह

मराठीत हत्यारं आणि अवजारं जमवण्याची गोष्ट निघाली की पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापाशी यावंच लागतं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे कवी होते आणि ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं राहिलं. पत्नी कमलाबाई या सगळ्या भटकंतीत सोबत होत्या. १९६२ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला गेला. आज तिथे सुमारे २०,००० वस्तू आहेत.

केळकरांचं मोठेपण आकड्यात शोधू नये. ते निवडीत आहे. त्या काळात भारतीय हत्यारांकडे बघायची एक ठरलेली नजर होती. एगर्टनचं भारतीय शस्त्रांवरचं सचित्र हस्तपुस्तक १८८० मधलं. त्या परंपरेत तलवार, कट्यार, दांडपट्टा यांना जागा. स्वयंपाकघरातल्या लोखंडाला नाही. केळकरांनी दिवे घेतले, दौती घेतल्या, पाय घासायच्या वज्री घेतल्या, खोवण्या आणि अडकित्ते घेतले. ज्या वस्तू घरातली माणसं मोडीत काढत होती त्या त्यांनी मोडीच्या दुकानात जाण्याआधी गाठल्या. तलवार आणि विळी एकाच वाड्यात नांदू शकतात हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवून टाकलं. त्या मानाने आजचे आपण फारच मागे आहोत. चाकूंच्या ऑनलाइन गटांत भारतीय पातं म्हटलं की अजूनही कट्यार आणि कुकरीपलीकडे गाडी जात नाही.

विळीकडे जरा नीट बघा. जगभर चाकू हलतो आणि भाजी स्थिर असते. विळीत उलट आहे. पातं पाटाला घट्ट बसवलेलं, पाटावर पाय, आणि दोन्ही हात मोकळे. हलतो तो भोपळा. त्यामुळे भोपळा गोल फिरवता येतो, कोथिंबिरीची जुडी दोन्ही हातांनी आवळून धरता येते, सुरमई पाठीच्या काट्यावर बरोबर आणून दाबता येते. आमच्याकडे मासळी विळीवरच कापली जाते. आजीच्या मते सुरीने कापलेल्या माशाची तुकडी ‘भेदरलेली’ दिसते. टोकाला खोवणी असेल तर त्याच पाटावर नारळही होतो. इतकं हुशार यंत्र हत्यारांच्या पुस्तकांत का नाही? कारण ते बसून वापरतात, घरात वापरतात, आणि बाई वापरते. लढाईत गेलेलं लोखंड इतिहास होतं. चुलीपाशी बसलेलं लोखंड सामान राहतं. केळकरांच्या संग्रहाने या वाक्याला पहिला धक्का दिला.

अडकित्त्याची गोष्ट अजून चांगली. यंत्रशास्त्राच्या भाषेत हा दुसऱ्या प्रकारचा तरफ: टेकू टोकाला, सुपारी मध्ये, जोर दुसऱ्या टोकाला. कात्रीत टेकू मध्ये असतो, म्हणून कात्रीने कडक सुपारी फुटत नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी किंवा आमच्या अलिबाग-चौलच्या वाड्यांतली सुपारी वाळल्यावर दगड होते. तिला हाच तरफ लागतो. एवढ्या साध्या यंत्रावर आपल्या लोहारांनी आणि तांबटांनी घोडे, पोपट, मोर, स्वार, स्त्री-पुरुष असं सगळं बसवलं. काही अडकित्त्यांत दोन दांडे म्हणजे दोन माणसं असतात. मिटला की ती जवळ येतात, उघडला की लांब जातात. म्हणजे हा अडकित्ता बघायचा नसून चालवायचा असतो. गोष्ट बिजागरीत आहे. काचेमागे ठेवलेला अडकित्ता हा पॉज केलेला व्हिडिओ असतो.

इथे कुणी म्हणेल, मग काय, संग्रहालयात सुपारी कातरायला बसायचं का? नाही. काच लागणारच. प्रश्न काचेखालच्या पट्टीचा आहे. आपल्याकडच्या कुठल्याही संग्रहात अशा वस्तूखाली सहसा धातू, प्रदेश आणि अंदाजे शतक लिहिलेलं असतं. घडवणाऱ्याचं नाव नसतं, कारण ते नोंदलंच गेलेलं नाही. केळकर ती वस्तू घेईपर्यंत ती दोन-तीन पिढ्या आणि दोन-तीन हात बदलून आलेली असणार. विकणाऱ्याला आजोबांचं नाव माहीत असेल, आजोबांच्या लोहाराचं कशाला असेल?

गंमत म्हणजे वस्तूवर नाव घालायची आपल्याला हौस कमी नाही. घरातली पितळी आणि स्टीलची भांडी उलटी करून बघा. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं: अमुक आत्याकडून, तमुकच्या लग्नात, तारीख. देणाऱ्याचं नाव असतं, मालकाचं असतं. तांबटाचं नसतं. नाव कोरणाऱ्याचं तर नसतंच. म्हणजे वस्तू आपल्यासाठी नात्याची पावती आहे, आणि त्या नात्यात कारागीर धरलेला नाही. केळकरांनी स्वतःसाठी ‘अज्ञातवासी’ हे नाव निवडलं होतं. त्यांचं खरं नाव आज संग्रहालयाच्या पाटीवर आहे. खरे अज्ञातवासी आत काचेमागे आहेत, आणि त्यांनी ते नाव निवडलेलं नाही.

मांडव्याजवळ सासवण्याला याचीच दुसरी बाजू बघायला मिळते. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) तिथले. त्यांच्या घरात आज त्यांचं शिल्पालय आहे. कुलाब्याचा त्या वेळचा कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड याने त्यांची चित्रकला पाहून त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये जायला मदत केली. एका कलेक्टरची नजर पडली आणि एका मुलाच्या हाताला नाव मिळालं. त्याच काळात याच पट्ट्यात लोहार होते, सुतार होते. त्यांच्यातल्या कुणाचा हात कमी होता असं मानायला काही आधार नाही. शिल्पकार आणि कारागीर यांच्यातला फरक कौशल्याचा आहे असं आपण समजतो. पुष्कळदा तो फक्त सहीचा असतो.

बाण तुटलेली वस्तू

अडकित्त्यांचा आणखी एक मोठा संग्राहक होता, आणि तो माझ्या धंद्यातल्या लोकांना वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असायला हवा. सॅम्युएल आयलेनबर्ग (१९१३–१९९८). जन्म वॉर्सोचा, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. १९४५ मध्ये सॉन्डर्स मॅक लेन यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधातून त्यांनी कॅटेगरी थिअरी उभी केली. आज फंक्शनल प्रोग्रामिंग शिकताना फंक्टर, मोनॅड हे शब्द येतात ते त्याच घरातून. हाच माणूस दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या कलावस्तूंचा नाणावलेला संग्राहक होता. १९८० च्या दशकात त्याने आपल्या संग्रहातल्या शेकडो वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या. त्याच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांचं स्वतंत्र पुस्तक आहे. आपल्या आजोबांच्या चंचीतली वस्तू कॅटेगरी थिअरीच्या जनकाच्या कपाटात होती, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी खूप वेळ नुसता हसत होतो.

पण नंतर यातली विसंगती टोचायला लागली. कॅटेगरी थिअरीचा गाभा अगदी थोडक्यात असा: वस्तूच्या आत काय आहे हे बघू नका, तिच्याकडे येणारे आणि तिच्यापासून निघणारे बाण बघा. एखाद्या वस्तूचे इतर सगळ्यांशी असलेले संबंध पूर्ण माहीत असतील तर ती वस्तू पूर्ण माहीत झाली. त्यापलीकडे तिचं वेगळं ‘असणं’ शोधायची गरज नाही.

आता संग्राहक काय करतो? अडकित्त्याकडे येणारे बाण: लोखंड कुठून आलं, लोहार कोण, मोबदला धान्यात की पैशात. अडकित्त्यापासून निघणारे बाण: पानाचं तबक, ओटीवरची बैठक, सोयरीक ठरताना फोडलेली सुपारी, दात पडलेल्या आजोबांसाठी केलेली बारीक कातरण. संग्राहक हे सगळे बाण कापतो आणि वस्तू उचलतो. उरतो तो आकार. मग आकारावर पुस्तक निघतं. ज्या माणसाने जगाला बाण बघायला शिकवलं त्याच्याही कपाटात बाण तुटलेल्या वस्तू असाव्यात, यावरून संग्राहकाच्या हौसेचं बळ कळतं. वॉल्टर बेन्यामिनने संग्राहकाची बाजू घेताना म्हटलं होतं की तो वस्तूला उपयोगी पडण्याच्या सक्तीतून सोडवतो. वाक्य देखणं आहे, आणि पुस्तकांच्या बाबतीत मला ते पटतंही. पण विळीला उपयोगातून सोडवलं की विळी मोकळी होत नाही. फक्त गंजते.

कोयता नावाचा माणूस

मांडवा म्हटलं की बाहेरच्यांना ‘अग्निपथ’ आठवतो. तुमच्या वयाप्रमाणे १९९० चा किंवा २०१२ चा. बोटीत मुंबईहून येणारे पाहुणे अजूनही त्या आवाजात गावाचं नाव घेतात. सिनेमाने आमच्या गावाचं नाव सूडाला जोडलं. गेल्या काही वर्षांत बातम्यांनी तेच कोयत्याचं केलंय. पुण्यातली ‘कोयता गँग’ हा शब्द इतका रुळलाय की शहरातल्या मुलांना कोयता हे शेतीचं अवजार आहे हे आधी सांगावं लागतं.

आमच्याकडे नारळ-सुपारीच्या वाडीत जाणाऱ्याच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी असते, तिच्यात कोयता अडकवलेला असतो. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. सामी माणसाच्या पट्ट्याला लटकणारा चाकू आणि कातकऱ्याच्या आकडीतला कोयता हे एकाच प्रश्नाचं उत्तर आहेत: हात कामात असताना हत्यार कुठे ठेवायचं? त्याचे फोटो बर्फात काढले की ‘हेरिटेज’ होतं. याचा फोटो निघाला की खाली गुन्हेगारीचा मथळा येतो.

फिनलंडलाही हे भोगावं लागलंय. १९ व्या शतकात तिथल्या ऑस्ट्रोबोथ्निया भागात ‘पुक्कोयुंक्करी’ नावाचे चाकूबाज गुंड प्रसिद्ध होते, आणि कौहावाचा मुलूख तोच. तरी आज पुक्को म्हटलं की त्यांच्यातल्या मुलांना गुंड आठवत नाहीत, आजोबा आठवतात. कारण शेतात, जंगलात, घरात तो वापरात राहिला. अवजाराची अब्रू वापरणारे राखतात. आपला शस्त्र कायदासुद्धा हा फरक ओळखतो. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यावर बंधनं घालताना घरगुती आणि शेतीच्या कामासाठी केलेली पाती त्याने बाजूला ठेवली आहेत. कायद्याला जे कळतं ते मथळ्याला कळत नाही.

माझ्या सातांतला ज्याचा कर्ता मला माहीत आहे तो कोयता घिसाडी कुटुंबाने रस्त्याच्या कडेला घडवला. घिसाडी म्हणजे फिरस्ते लोहार. शासनाच्या यादीत भटक्या जमातीत मोडतात. गावातला लोहार बलुतेदार होता. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गाव-गाडा’त (१९१५) त्या व्यवस्थेचं वर्णन आहे. सुगीला धान्य घ्यायचं आणि वर्षभर गावाची अवजारं राखायची. घिसाडी त्या व्यवस्थेच्याही बाहेरचा. आला, पाल ठोकलं, भाता लावला, चार दिवसांनी पुढच्या गावाला.

त्यांचं लोखंड म्हणजे ट्रकच्या पाट्याचा तुकडा. पाटा म्हणजे स्प्रिंग स्टील. त्यात कार्बन पुरेसा असतो, म्हणून ते कडक होतं आणि चिवटही राहतं. मोडीतला पाटा कोयत्यासाठी निवडणं हा पदार्थविज्ञानाचा निर्णय आहे. फक्त तो घेणाऱ्याने कधी हा शब्द ऐकलेला नसतो. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसला होता आणि बायको उभी राहून घण मारत होती. घिसाड्यांत घण बऱ्याचदा बाईच्या हातात असतो. धार तापवून पाण्यात बुडवली, याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. पाण्यातून काढल्यावर धारेवरचा रंग बदलताना बघून पुरुषाने ती कधी थांबवायची ते ठरवलं. माझ्याकडे यासाठी तापमानाचा तक्ता आहे. त्याच्याकडे डोळे होते.

मी दोघांची नावं विचारली आणि वहीत लिहून घेतली. मग म्हणालो की मी लेख लिहिणार आहे, त्यात नावं देतो. बाई लगेच म्हणाली, “नको दादा. कोयता बनवणारे म्हणून नाव छापून आलं की पोलीस पालावर येतात विचारायला.”

इथे माझा सगळा सिद्धान्त अडला. तोवर मी धरून चाललो होतो की नाव नोंदणं म्हणजे सन्मान. यार्वेनपाच्या नातवंडांसाठी ते आहे. पण ज्या देशात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नावं पोलिसांच्या वहीत चढवली, तिथे नाव लिहून घेणारा माणूस कोण असतो हे पालावरच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. वहीची भीती गेलेली नाही. तिकडे नाव कोरल्याने किंमत वाढते. इकडे त्याच नावाने चौकशी येते.

आणि नाव कुठे जातं याचं दुसरं टोक बीडच्या ऊसतोडीत बघायला मिळतं. तिथे मुकादम मजुरांना कोयत्यात मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते. म्हणजे घडवणाऱ्याचं नाव हत्यारावर येत नाही, पण हत्याराचं नाव मात्र वापरणाऱ्यावर येऊन बसतं. त्या बाईला स्वतःचा वेगळा आकडासुद्धा नाही. ती नवऱ्यासोबतचा अर्धा आहे. ही भाषा रोजच्या बोलण्यातली आहे आणि ती ऐकून कुणी दचकत नाही.

रिकामा रकाना

मग संग्राहकाने करायचं काय? जमवणं सोडून द्यायचं? मला तसं वाटत नाही. केळकरांनी सोडून दिलं असतं तर ते अडकित्ते आज कुठल्यातरी भट्टीत वितळून पाइप झाले असते. हौसेने वस्तू वाचतात, हे खरं आहे. पण हौसेवर काही अटी घालता येतात.

आमच्या कामात डेटाबेसमधल्या रकान्याच्या दोन अवस्थांत फरक करतात. एक, माहिती नाही म्हणून रकाना रिकामा: त्याला नल म्हणतात. दोन, माहिती नाही म्हणून आपणच काहीतरी सोयीचं भरून टाकलेलं: डीफॉल्ट. दुसरा प्रकार धोक्याचा, कारण वाचणाऱ्याला वाटतं की माहिती आहे. ‘लोखंड, महाराष्ट्र, १९ वं शतक’ ही पट्टी म्हणजे डीफॉल्ट. ती भरलेली दिसते. तिच्यात कुणीतरी गहाळ आहे हे कळत नाही.

म्हणून माझ्या ११ पात्यांची नोंद मी आता वेगळी ठेवतो. घडवणारा. घण मारणारा किंवा मारणारी. लोखंड कुठलं. वापरणारा, आणि त्याने शेवटचं कशासाठी वापरलं. धार कोण लावत असे. कुणाकडून, किती रुपयांना घेतलं. यातला कुठलाही रकाना वगळायचा नाही, आणि माहीत नसेल तर तो रिकामाच दिसला पाहिजे, सोबत कारण: ‘विचारलं नव्हतं’, ‘विकणाऱ्याला माहीत नव्हतं’, ‘त्यांनी देऊ नका असं सांगितलं’. तिसरं कारण लिहिताना हात जड होतो. पण कोयत्याच्या नोंदीत ते लिहायलाच हवं, कारण आपल्या काळाबद्दलची सगळ्यात खरी माहिती त्याच रकान्यात आहे.

तीन अडकित्त्यांच्या नोंदी बघवत नाहीत. सात-सात रकाने आणि त्यात एकेक किंवा दोन-दोन ओळी. विळीची बरी आहे: वापरणारीचं नाव आहे, शेवटचा मासा आहे, धार लावायला दारावर येणाऱ्याची सायकल आहे, लोहार नाही. ही विळी फळीवरून खाली उतरवून पुन्हा स्वयंपाकघरात द्यायचं ठरवलंय. आजीला नवीन घेऊन दिलेली विळी पटत नाही. पाटा हलतो, म्हणते.